टाइम मशीन, व्हाया मांडवा

भूतकाळात जायचंय? डेलोरियन नको, फ्लक्स कपॅसिटर नको. शनिवारी सकाळी गेटवेवरून लाँच पकडा. सहा लेव्हल्स, दोन दिवस आणि एक असा किनारा, जिथे ‘अनडू’चं बटण चालत नाही.

टाइम ट्रॅव्हलच्या प्रत्येक गोष्टीत एक सीन ठरलेला असतो. हीरो धप्पकन कुठेतरी येऊन पडतो, कपडे झटकतो आणि समोरून येणाऱ्या पहिल्या माणसाला विचारतो, “हे साल कुठलं?” लंडनमध्ये यावर लोक दचकतात, न्यूयॉर्कमध्ये पोलिसांना बोलावतात. मुंबईत मात्र उत्तर तयार आहे – “अलिबाग से आया है क्या?”

या वाक्यावर बंदी घाला म्हणून एक अलिबागकर २०१९ मध्ये चक्क हायकोर्टात गेले होते. कोर्टानं याचिका फेटाळली. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, अपमान मानू नका, असा एकूण सूर होता. माझं म्हणणं त्याहून पुढचं आहे. अलिबागकरांनी हा टोमणा कौतुक म्हणून घ्यावा. कारण काळातून आरपार जायचं असेल, तर महाराष्ट्रात रायगडच्या किनाऱ्यासारखी दुसरी जागा नाही.

आता हा शोध मला कसा लागला? गेम्समुळे. आमची पिढी इतिहास शाळेत शिकली आणि काळ कॉम्प्युटरवर. १९८९ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आठवतोय? पांढऱ्या लेंग्यातला तो प्रिन्स, खालून वर येणारे भाले आणि राजकन्येला सोडवायला मोजून ६० मिनिटं. मग २००३ मध्ये त्याचाच ‘सँड्स ऑफ टाइम’ आला आणि प्रिन्सच्या हातात काळ उलटा फिरवणारा खंजीर पडला. (तो खंजीर तो मिळवतो कुठे, तर हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या महालात!) पडलात? बटण दाबा, पाच-सात सेकंद मागे या, पुन्हा उडी मारा. त्यानंतर ‘ब्रेड’, ‘आऊटर वाइल्ड्स’... व्यसनच लागलं.

असे शंभर गेम्स खेळलात आणि वेल्सच्या १८९५ च्या ‘द टाइम मशीन’पासून आपल्या जयंत नारळीकरांपर्यंतच्या गोष्टी वाचल्यात, की लक्षात येतं, सगळ्यांचे नियम तीनच आहेत. एक, दरवाजा ठरलेल्या वेळीच उघडतो. दोन, एका काळातली वस्तू दुसऱ्या काळात नेता आली, तरच कोडं सुटतं. तीन, एक बारीकशी गोष्ट बदलली की पुढचं सगळं बदलतं. हे तिन्ही नियम मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत दगडावर कोरल्यासारखे पसरलेत. एकदा तर अगदी खरोखरच कोरलेले आहेत! तेव्हा आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि ऑफिसमधला माझा कोडर मित्र, बॅगा भरल्या आणि ‘न्यू गेम’वर क्लिक केलं.

लेव्हल १ : दरवाजा सहा तासांनी उघडतो

अलिबागच्या बीचवर उभं राहिलं की समोर कुलाबा किल्ला दिसतो. मध्ये पाणी. घोडागाडीवाले, बर्फाचा गोळा, भेळ, सेल्फी. पब्लिक किल्ल्याकडे पाठ करून फोटो काढतं आणि निघून जातं. थांबलात तर मात्र जादू दिसते. पाणी मागे सरकायला लागतं, आधी खडक उघडे पडतात, मग ओली वाळू आणि बघता बघता समुद्रात एक रस्ता तयार होतो. चालत किल्ल्यात जा. पण घड्याळ लावून जा. पाणी परत येणार आहे.

‘आऊटर वाइल्ड्स’ (२०१९) खेळलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. त्यात बावीस मिनिटांचं एक कालचक्र आहे. दोन जुळ्या ग्रहांपैकी एकावरची वाळू दुसऱ्यावर ओतली जाते, काही दारं झाकली जातात, काही उघडी पडतात. तुमच्याकडे ना तलवार, ना पॉवर. कुठलं दार कधी उघडतं, हे ठाऊक असणं हीच किल्ली.

कोकणात ही किल्ली आजीआजोबांच्या तोंडपाठ असते. नागावला आम्ही जिथे उतरलो होतो, तिथल्या मावशींना विचारलं, “उद्या किल्ल्यात चालत जाता येईल का?” त्यांनी मोबाइल काढला नाही, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. “उद्या अष्टमी ना? मग बाराला जा. पाणी सहाला भरतं.”

फॉर्म्युला असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. भरतीपासून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास आणि पाणीही जोरदार, म्हणजे उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं, कमी उतरतं, त्याला भांग म्हणतात. रोज भरती साधारण पाऊण तास उशिरा येते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा येतो. कोडर मित्रानं जागच्या जागी मोबाइलवर टाइडटेबल उघडून चेक केलं. थोड्या मिनिटांच्या फरकानं मावशी बरोबर. “एका ओळीचा कोड आहे रे,” तो म्हणाला. “आणि सर्व्हर कधीच डाऊन नाही.”

किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांच्या काळात, १६८० मध्ये सुरू झालं आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. पुढे हा कान्होजी आंग्र्यांचा बालेकिल्ला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन चालून आले आणि हात हलवत परत गेले. तटाचे अजस्र दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाट आपटते, पाणी फटींतून आत शिरतं, तिचा जोर तिथेच मरतो.

आत एक मस्त कोडं ठेवलंय. तटावर चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफा आहेत. त्यांच्यावरची अक्षरं वाचा : इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा कारखाना, साल १८४९. आता डोकं चालवा. आंग्र्यांचं संस्थान इंग्रजांनी १८४० मध्येच खालसा केलं होतं. म्हणजे ज्या तोफांना टेकून पब्लिक ‘आंग्रे स्टाइल’ फोटो काढतं, त्या आंग्र्यांनी कधी पाहिल्याही नाहीत! टाइम ट्रॅव्हल गेममध्ये अशा चुकीच्या काळातल्या वस्तूवर कर्सर नेला की ती चमकते. इथे चमकत नाही, वाचावं लागतं.

लेव्हल २ : काळाची सेव्ह फाइल

बीचपासून जवळच एक शांत, झाडीतलं आवार आहे. पाटी आहे चुंबकीय वेधशाळेची. हा काही टूरिस्ट पॉइंट नव्हे, भजी मिळत नाहीत. पण या ट्रिपमधलं खरंखुरं टाइम मशीन इथेच आहे.

गोष्ट सुरू होते मुंबईच्या कुलाब्यात. ईस्ट इंडिया कंपनीनं तिथे १८२६ मध्ये वेधशाळा काढली आणि १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. शतक संपता संपता प्रश्न आला ट्रामचा. घोड्यांची ट्राम विजेवर जाणार, विजेच्या तारांनी चुंबकाच्या सुया नाचणार आणि सगळ्या नोंदी वाया. तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी जागा हेरली अलिबागची. १९०४ मध्ये इथलं काम सुरू झालं. चुंबकावर परिणाम होणार नाही, असंच साहित्य वापरून इमारती उभारल्या. आणि मग मूस यांनी केलेली गोष्ट मला सगळ्यात ‘सही’ वाटते. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. का? तर जुनी मालिका आणि नवी मालिका नीट जोडली जावी, मध्ये काळाचा सांधा निखळू नये म्हणून. गेम एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर नेताना सेव्ह फाइल करप्ट होऊ नये, म्हणून आपण जेवढी काळजी घेतो ना, तेवढीच. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. मूस एक वर्ष पुढे होते.

गंमत बघा, मुंबईच्या कुलाब्याहून नोंदी आल्या त्या अलिबागच्या कुलाब्याला. या जिल्ह्याचं नावही १९८१ पर्यंत कुलाबाच होतं.

याचा उपयोग काय? १ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावर प्रचंड स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं, जगभर टेलिग्राफच्या तारा वेड्यासारख्या वागायला लागल्या. आज तसं वादळ आलं तर सॅटेलाइट, वीज, जीपीएस, सगळ्याचं काय होईल, हा शास्त्रज्ञांना पडलेला प्रश्न. पण त्या वादळाचा जोर मोजायचा कशावरून? २००३ मध्ये काही शास्त्रज्ञांनी, त्यात भारतीय भूचुंबकत्व संस्थेतलेही होते, कुलाबा वेधशाळेच्या जुन्या नोंदी उघडल्या. १८५९ मधल्या त्या दिवशी कुणीतरी इमानानं आकडे टिपून ठेवले होते! सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण. एकशे चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका कारकुनी कष्टानं आजच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. त्या माणसाला सॅटेलाइट म्हणजे काय हे माहीत नव्हतं. त्यानं फक्त नोंद चुकवली नाही.

लेव्हल ३ : चारशे वर्षांनी उघडा

१९९३ चा ‘डे ऑफ द टेंटॅकल’ हा पॉइंट-अँड-क्लिक गेम्समधला माझा देव. तीन मित्र तीन काळांत अडकलेत. एक आजच्या काळात, एक दोनशे वर्षं मागे, एक दोनशे वर्षं पुढे. तिघं एकमेकांना वस्तू पाठवू शकतात, तेही संडासातून फ्लश करून! त्यातलं एक कोडं क्लासिक आहे. भूतकाळातल्या पोराला व्हिनेगर हवंय, पण त्याच्याकडे फक्त वाइन आहे. तो काय करतो? वाइनची बाटली टाइम कॅप्सूलमध्ये पुरतो. चारशे वर्षांनी भविष्यातली मैत्रीण कॅप्सूल उघडते, वाइनचं व्हिनेगर झालेलं असतं आणि ती ते फ्लश करून परत पाठवते.

अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलात की पाच-सहा किलोमीटरवर आक्षी. सुरूचं बन, पक्षी बघणाऱ्यांची गर्दी, कोळीवाड्यात वाळत घातलेले बोंबील. आणि इथलाच तो शिलालेख. शिलाहारांच्या काळातला, शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असं त्याचं वाचन तज्ज्ञांनी केलंय. भाषा मराठी. हे वाचन धरलं तर मराठीतल्या सगळ्यात जुन्या ज्ञात लेखांत याचा नंबर अगदी वर लागतो. ज्ञानेश्वरीच्या आधी पावणेतीनशे वर्षं! आणि बरीच वर्षं हा दगड रस्त्याकडेला ऊन-पाऊस खात उभा होता. शेजारून आपल्यासारखे हजारो लोक बीचवर जात होते.

अशा दानाच्या लेखांवर चंद्र-सूर्य कोरायची जुनी पद्धत. अर्थ सरळ आहे : आकाशात हे दोघं असेपर्यंत हे दान चालू राहो. म्हणजे कोरणाऱ्याला पक्कं माहीत होतं, की वाचणारा त्याच्या काळातला नसेल. तो माझ्याशी आणि तुमच्याशी बोलत होता. मी शाळेत मराठी शिकलो, तरी मला त्यातल्या अक्षराला अक्षर लागेना. मित्र म्हणाला, “हजार वर्षं जुनी फाइल आहे, ओपन होतेय हेच खूप. फॉरमॅट बदललाय.” खरंय. पण फॉरमॅट वाचू शकणारी माणसं आहेत, म्हणून आज आपल्याला तो दगड काय म्हणतो ते कळतं. ती नसती, तर तो रस्त्याकडेचा एक दगडच.

लेव्हल ४ : रेवतीच्या गावात

पुढे चौल आणि रेवदंडा. नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांतून जाणारा अरुंद रस्ता, मध्येच एखादी देवळाची दीपमाळ. हे आज झोपाळलेलं गाव एकेकाळी जगाच्या नकाशावर होतं, यावर विश्वास बसत नाही. ग्रीक-रोमन खलाशांच्या काळापासून इथलं बंदर परदेशी लेखकांच्या लिखाणात येतं. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन इथे उतरला आणि त्यानं प्रवासवर्णन लिहिलं. वास्को द गामाच्या आधी! रेवदंड्यात त्याचा स्मृतिस्तंभ आहे.

पण माझ्यासाठी रेवदंड्याची स्टार आहे रेवती. जुन्या स्थानिक परंपरेत या भागाला चंपावती आणि रेवतीक्षेत्र म्हणतात. रेवती म्हणजे बलरामाची बायको. तिची गोष्ट भागवतात आहे आणि ती प्युअर सायन्स फिक्शन आहे. राजा ककुद्मीला लेकीसाठी योग्य मुलगा सापडेना. तो रेवतीला घेऊन थेट ब्रह्मदेवाकडे गेला. तिथे गंधर्वांचं गाणं चालू होतं, म्हणून बापलेक थोडा वेळ थांबले. गाणं संपल्यावर राजानं आपल्या मनातली यादी सांगितली, तर ब्रह्मदेव हसायला लागले. “तू ज्यांची नावं घेतोस ते, त्यांची मुलं, नातवंडं, कुणीच राहिलं नाही. तू इथे उभा होतास, तोवर पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटली.” मग त्यांनीच बलरामाचं स्थळ सुचवलं. रेवती आधीच्या युगातली, त्यामुळे फारच उंच. बलरामानं नांगरानं तिला खाली ओढून आपल्या मापाची केली, असंही सांगतात.

२०१४ मध्ये ‘इंटरस्टेलर’ बघताना तो तासाला सात वर्षं जाणारा ग्रह आला आणि थिएटरात सगळे अवाक झाले. आमच्या मागे बसलेल्या एक आजी पटकन म्हणाल्या, “रेवतीचंच झालं की हे!” नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप अशा टोपणनावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून! बक्षीस मिळालं, मग खरं नाव कळलं. विज्ञान नवं होतं, पण मराठी वाचकाला असल्या गोष्टीची सवय जुनी होती.

पोर्तुगीजांच्या रेवदंडा किल्ल्यात फिरताना मात्र ककुद्मीच आठवत राहतो. तटाच्या आत आता घरं, वाड्या, माडांखाली पडलेल्या चर्चच्या भिंती आणि एक उंच पडका मनोरा, सातखणी. १७४० मध्ये मराठ्यांनी हे ठाणं घेतलं. पोर्तुगीज गेले. सत्ता गेली, बंदर गेलं. आणि एक गोष्ट राहिली. ती बघायला खाडी ओलांडायची.

लेव्हल ५ : हिरवं चमकणारं

कुंडलिका खाडीचा पूल ओलांडलात की कोर्लई. समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड, तिच्यावर पोर्तुगीज किल्ला, पायथ्याला गाव, चर्च आणि दीपगृह. किल्ल्यावरून दिसणारा नजारा इन्स्टाग्रामला पुरून उरेल. पण आधी गावात थांबा आणि कान उघडे ठेवा. इथल्या ख्रिस्ती घरांत एक भाषा बोलली जाते, ‘नौ लिंग’. म्हणजे ‘आपली भाषा’. मूळ पोर्तुगीज, तिच्यात मराठीची वीण. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले. जगाशी फार संपर्क नसलेल्या या वस्तीनं भाषा तोंडात जपली. ना सरकारी कागद, ना शाळा, ना पेपर. बोलणारे हजाराच्या आसपास. भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर १९९६ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं.

चर्चजवळ जाळं विणत बसलेल्या एका काकांशी बोललो. आमच्याशी अस्सल रायगडी मराठी, मध्येच घरातून हाक आली तिला उत्तर त्या दुसऱ्याच भाषेत. ना आगापीछा, ना गिअर बदलल्याचा आवाज. मी विचारलं, “काका, नातवंडं बोलतात का?”

“घरात बोलतात. बाहेर मराठी. शाळा मराठी, आता इंग्लिश. पूल झाला, रस्ता झाला, पोरं मुंबईला गेली. चांगलंच झालं ना?” जाळ्यातली गाठ ओढून ते म्हणाले, “आमची म्हातारी जे शब्द बोलायची, ते आता मलाच आठवत नाहीत.”

यावर काय बोलणार? पूल नको होता, असं म्हणायला आपण कोण? वीकएण्डला येणारे आपणच तर त्या पुलावरून आलो.

‘ब्रेड’ (२००८) या गेममध्ये काळ हवा तेवढा मागे नेता येतो. मेलात, पडलात, चुकलात, सगळं उलटं फिरवा. पण काही वस्तूंभोवती हिरवी चमक असते. काळ मागे नेलात तरी त्या वस्तू मागे येत नाहीत. एकदा हललं ते हललं. पहिल्यांदा खेळताना त्या हिरव्या चमकीचा राग येतो. मग कळतं, की अख्खं कोडं तिच्याभोवतीच रचलंय. जे परत आणता येत नाही, त्याच्याकडे आधी बघा, बाकीचं नंतर. काकांच्या आईच्या शब्दांना ती हिरवी चमक होती. किल्ल्याचा बुरूज पडला तर तज्ज्ञ बोलवून उभा करता येईल. शब्द गेला की त्याची साधी ओहोटीसुद्धा नाही, की पाणी उतरलं आणि वाट परत दिसली.

लेव्हल ६ : शिडी आणि गोळी

शेवटी बॉस लेव्हल. मुरूडच्या पुढे राजपुरीहून शिडाच्या होडीत बसायचं आणि जंजिऱ्याकडे निघायचं. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. होडीवाले दादा हमखास विचारतात, “सांगा बघू, दरवाजा कुठाय?” पूर्ण होडी गप्प. सिद्द्यांचा हा किल्ला शिवाजी महाराजांना मिळाला नाही, संभाजी महाराजांनी समुद्रात भराव घालून पाहिला तरी मिळाला नाही. १९४८ पर्यंत हे संस्थान टिकलं.

आता इथली गोष्ट. १६७५-७६ च्या सुमाराला मोरोपंत पिंगळे जंजिऱ्यावर चालून आले होते. पद्मदुर्गाकडचे कोळी सरदार लाय पाटील यांनी रात्रीच्या अंधारात, पहाऱ्यावरच्या सिद्द्यांच्या नाकाखाली, जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. मोरोपंतांची माणसं त्या शिड्यांवरून चढायची होती. ती वेळेत पोचली नाहीत. उजाडायला लागलं. लाय पाटलांनी शिड्या काढून घेतल्या आणि परत फिरले. महाराजांनी पाटलांना पालखीचा मान देऊ केला. ते म्हणाले, आम्ही दर्यावर्दी, पालखी घेऊन काय करू? तेव्हा महाराजांनी त्यांना ‘पालखी’ नावाचं गलबतच दिलं, असं सांगतात.

गेमर म्हणून माझा हात लगेच रिवाइंडच्या बटणाकडे जातो. फक्त तासभर मागे! मोरोपंतांना उठवा, होड्या हाला, जंजिरा आपला. पण नियम तीन विसरू नका. बारीकशी गोष्ट बदलली की पुढचं सगळं बदलतं. तर बदलून बघू.

जंजिरा पडला असता, तर श्रीवर्धनवरचा सिद्दीचा अंमल संपला असता. श्रीवर्धनचे देशमुख भट घराणं. सिद्दीशी बिनसलं म्हणून त्यांच्यातले बाळाजी विश्वनाथ गाव सोडून घाटावर गेले. सिद्दीच नसता, तर ते गेले असते का? पुढे शाहू महाराजांचे पेशवे होते बहिरोपंत पिंगळे. कान्होजी आंग्र्यांनी त्यांना कैद केलं आणि त्यांच्या जागी १७१३ मध्ये पेशवेपद मिळालं बाळाजी विश्वनाथांना. हे बहिरोपंत कोण? मोरोपंतांचा मुलगा! बाळाजींचा मुलगा पहिला बाजीराव, नातू नानासाहेब, पणतू विश्वासराव. आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली.

इथे नारळीकर भेटतात. त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका वेगळ्याच मुंबईत जाऊन पोचतात. तिथे ती गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेलेली असते. मराठे जिंकतात आणि पुढचा अख्खा इतिहास वेगळा. आपल्या जगात परतल्यावर गंगाधरपंतांच्या खिशात त्या दुसऱ्या जगातल्या बखरीचं एक पान सापडतं. ॲडव्हेंचर गेमच्या भाषेत, इन्व्हेंटरीत उरलेली एक वस्तू!

मला मात्र होडीत बसल्या बसल्या जाणवलं ते वेगळंच. पानिपतावरची गोळी चुकवायला पानिपताला जायची गरजच नाही. त्या घराण्याची वाट या समोरच्या काळ्या तटापासून सुरू होते. इथे शिडी टिकली असती, तर कदाचित पानिपतावर ना विश्वासराव असते, ना त्यांना लागलेली गोळी. पण मग बाजीरावही नाही, शनिवारवाडा नाही आणि बहुतेक आजचं पुणंही नाही. मित्राला म्हटलं, “बोल, दाबू का बटण?”

त्याचं माहेर, म्हणजे आईकडचं गाव, श्रीवर्धन. तो बराच वेळ तटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “नको. मग मी नसेन बहुतेक.”

होडीवाल्या दादांनी आमचं बोलणं ऐकलं असावं. ते म्हणाले, “पाणी बदलायच्या आत उतरायचं हा, किल्ल्यात पाऊण तास. नंतर थांबत नाय कोणासाठी.”

टाइम मशीनचा एवढा चांगला फंडा मी कुठल्याच पुस्तकात वाचला नव्हता. आतले दोन गोड्या पाण्याचे तलाव बघितले, कलालबांगडी तोफेवर हात ठेवला आणि चाळिसाव्या मिनिटाला परत दरवाजात हजर झालो.

गेम खेळायचाय? हे वाचा

कसं जाल : गेटवेवरून मांडव्याला लाँच, साधारण तासाभरात. पुढे अलिबागपर्यंत बस किंवा रिक्षा. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो आहे (२०२० पासून). पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. अलिबाग-मुरूड एसटी रस्त्यातल्या जवळपास सगळ्या लेव्हल्सवर थांबते.

केव्हा : ऑक्टोबर ते मे. कुलाब्याला चालत जायचं तर तिथी बघा, पाऊणपट करा, सव्वासहा तास मिळवा. तरीही किनाऱ्यावरच्या माणसांना विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका. पाणी चढायला लागलं की फोटो अर्धवट सोडून निघा.

काय खाल : नागाव-चौलच्या वाड्यांत घरगुती जेवण. आधी फोन करून सांगितलंत तर उकडीचे मोदक, आयत्या वेळी गेलात तर बांगडा आणि सोलकढी. दोन्ही सही.

काय आणाल : आक्षीचा दगड, वेधशाळेचे आकडे आणि रेवती हे सगळं आणता येत नाही. कोर्लईत कुणी बोलकं भेटलं तर ‘नौ लिंग’मधला एक शब्द मात्र विचारून घ्या आणि लक्षात ठेवा. खिशात मावतो.